काउंटरवरचा पोरगा मॅनेजर कधी होणार?

विद्यापीठाचे निकाल लागले की आपल्या पेठांमध्ये दरवर्षी एक गोष्ट घडते आणि तिच्याकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. साताऱ्याची खण आळी, मोती चौक, सांगलीची कापड पेठ, मारुती रोड या भागांतल्या दुकानांत कॉलेज सांभाळून काम करणारी बरीच मुले आहेत. कुणी बी.ए. करतो, कुणी बी.कॉम. सकाळी कॉलेज आणि दुपारी चार-पाच वाजल्यापासून दुकान वाढवेपर्यंत काउंटर. पगार तासावर किंवा अर्ध्या दिवसाचा. त्यातून तो फी भरतो आणि घरीही चार पैसे देतो. तीन वर्षांनी पदवी पदरात पडते आणि प्रश्न उभा राहतो, आता पुढे काय?

त्याच्यापुढे आज दोनच वाटा दिसतात. एक, दुकान सोडायचे आणि मिळेल ती 'ऑफिसची' नोकरी धरायची, मग तिथला पगार दुकानापेक्षा कमी असला तरी चालेल. दुसरी, तिथेच पूर्ण वेळ राहायचे, म्हणजे चार तासांचे दहा तास करायचे आणि काम तेच. तागा उलगडायचा, दाखवायचा, पुन्हा गुंडाळून फळीवर ठेवायचा. वयाच्या चाळिशीपर्यंत मालक त्याला 'पोऱ्या'च म्हणतो. तिसरी वाट, म्हणजे दुकानाचा कारभार हाती घेण्याची, ती त्याला कुणी दाखवत नाही. मालकाच्या मनात ती येत नाही आणि मुलालाही मागायचे सुचत नाही.

हा प्रश्न फक्त त्या मुलाचा आहे असे व्यापारी बंधूंनी समजू नये. तो आपल्या दुकानांच्या आयुष्याचा प्रश्न आहे. आपली स्वतःची मुले डॉक्टर, इंजिनिअर व्हायला निघाली आहेत, काही आखाताकडे गेली आहेत. चांगलीच गोष्ट आहे. पण मग दहा वर्षांनी गादीवर कोण बसणार? ज्याने तीन-चार वर्षे आपले गिऱ्हाईक ओळखले, आपला माल हाताळला, तो पदवीधर मुलगा आपण स्वतःच दाराबाहेर पाठवतो आहोत.

मॉलवाल्यांनी केलेली शिडी

साखळी दुकाने आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाहीत, ती जिल्ह्याच्या गावांत पोचली आहेत. त्यांच्या भांडवलाशी आणि भावाशी आपण बरोबरी करू शकत नाही. पण त्यांच्या एका गोष्टीला भांडवल लागत नाही, ती म्हणजे शिडी. तिथे लागलेल्या मुलाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते की सेल्समनच्या वर टीम लीडर आहे, त्याच्या वर डिपार्टमेंट मॅनेजर आणि त्याच्या वर स्टोअर मॅनेजर. प्रत्येक पायरीवर काय यायला हवे हेही कागदावर असते. सगळेच वर जातात असे नाही, बरेच मध्येच गळतात. पण पायरी दिसते म्हणून मुलगा पाय उचलतो.

अमेरिकेतल्या वॉलमार्टचे उदाहरण घ्या. या कंपनीमुळे तिकडची किती लहान दुकाने बंद पडली हे आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा तिची वाखाणणी करण्याचा हेतू नाही. पण डग मॅकमिलन हे गृहस्थ १९८४ साली उन्हाळ्याच्या सुटीत तिच्या गोदामात ट्रक उतरवण्याच्या कामाला तासाच्या पगारावर लागले होते. पुढे कॉलेज झाले. एम.बी.ए. करीत असताना १९९० साली ते त्याच कंपनीच्या एका दुकानात सहायक मॅनेजर म्हणून परत आले, नंतर खरेदी खात्यात गेले. २०१४ पासून जानेवारी २०२६ पर्यंत ते सगळ्या कंपनीचे प्रमुख होते. त्यांच्या जागी आलेले जॉन फर्नर यांनीही १९९३ साली दुकानाच्या बागकाम विभागात तासाच्या पगारावर सुरुवात केली होती. आपल्या अमेरिकेतल्या दुकानांच्या व्यवस्थापकांपैकी सुमारे ७५ टक्के लोक तासाच्या पगारावरून वर आलेले आहेत, असे ती कंपनी स्वतः सांगते. एवढी मोठी कंपनी बाहेरून शिकलेले मॅनेजर हवे तितके आणू शकते. तरी ती काउंटरवरच्या माणसाला वर आणते, कारण त्याला माल आणि गिऱ्हाईक दोन्ही माहीत असते.

साताऱ्याला हे नवे नाही

इतके लांब जायचीही गरज नाही. शिकत असताना काम करणे ही लाजेची गोष्ट नाही, हे महाराष्ट्राला शिकवले ते साताऱ्यानेच. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत, स्वतः स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि शिकत. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेही 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. आज काउंटरवर उभा राहून बी.कॉम. करणारा मुलगा त्याच वाटेवर चालतो आहे.

एक गोष्ट मात्र आपण विसरतो. भाऊराव स्वतः एके काळी विक्रेते होते. किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचे कंदील विकण्यासाठी ते गावोगाव फिरले. आणि ज्या किर्लोस्करांचा नांगर ते विकत होते, त्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनीही १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून धंद्याला सुरुवात केली होती. सांगली जिल्ह्यातली किर्लोस्करवाडी त्यानंतर, १९१० साली वसली. माल विकणे हे खालच्या दर्जाचे काम आहे, असे या दोघांपैकी कुणी मानले असते तर आपल्या भागाचा इतिहास वेगळा झाला असता.

आता आपल्या घरांतले चित्र पाहा. मुलगा पदवी घेऊन दुसऱ्या दिवशी दुकानात निघाला की घरातले म्हणतात, "बी.कॉम. हुआ, और अब भी कपडाच दिखाता क्या?" या एका वाक्याने किती मुलांचे पाय मागे खेचले असतील! २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाप्रमाणे देशात वीस वर्षांवरच्या मुसलमानांमध्ये पदवीधरांचे प्रमाण चार टक्क्यांहून कमी होते, तेच सर्व लोकसंख्येत सुमारे सात टक्के होते. त्याच अहवालात असेही आहे की पगारी नोकरीपेक्षा स्वतःचा लहान धंदा करणाऱ्यांचे प्रमाण आपल्यात जास्त आहे. बागवान, अत्तार, मणेर, तांबोळी, नदाफ, शिकलगार, आपली आडनावेच धंद्याची आहेत. म्हणजे धंदा आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि पदवी आता कुठे येऊ लागली आहे. या दोन गोष्टी एका माणसात एकत्र आल्या की त्याला धंद्यातून पळवून लावायचे, हा कुठला व्यवहार?

सेल्समन आणि मॅनेजर यांत फरक कशाचा?

वर्षे मोजून मॅनेजर होत नाही. वीस वर्षे माल दाखवणारा माणूस उत्तम सेल्समन असू शकतो, पण दुकान त्याच्या हाती दिले तर सहा महिन्यांत अडचणीत येईल. कारण सेल्समन आज काय विकले ते पाहतो आणि मॅनेजरला काय विकले गेले नाही ते पाहावे लागते.

साधा हिशेब घेऊ. ड्रेस मटेरियलचे ४० नग प्रत्येकी ५०० रुपयांनी आणले. म्हणजे माल २०,००० चा. विक्री ७०० ला. कर बाजूला ठेवू. मुलाला विचारा नफा किती, तो म्हणेल, नगामागे २००, म्हणजे ४० टक्के. खरेदीवर ४० टक्के हे बरोबर, पण विक्रीवर तो साडेअठ्ठावीस टक्केच आहे, आणि भाडे, पगार, वीज हे सगळे विक्रीतूनच जाते. आता ३० नग ७०० ला गेले आणि १० नग हंगाम संपल्यावर ४०० ला काढावे लागले. एकूण विक्री २५,००० आणि नफा ५,०००. ठरवला होता ८,०००. आणि ते १० नग काढलेच नाहीत, कपाटात पडू दिले, तर गल्ल्यात आले २१,०००, म्हणजे मालाच्या किमतीवर फक्त १,००० रुपये. बाकीचे ५,००० कपाटात झोपले. हे दहा नग कोणते, ते का अडकले, रंगामुळे की पन्ह्यामुळे, आणि भाव कधी पाडायचा, हे ज्याला सांगता येते तो मॅनेजर.

दुसरा हिशेब फिरत्या मालाचा. वर्षाला ३६ लाखांचा माल विकला जातो, खरेदीच्या भावाने, आणि दुकानात नेहमी १२ लाखांचा माल असतो, तर माल वर्षातून तीन वेळा फिरला. तोच चार वेळा फिरवला तर ९ लाखांच्या मालात तेवढीच विक्री होते आणि ३ लाख मोकळे होतात. त्या पैशाने रोखीत खरेदी करता येते आणि वटाव मिळतो.

तिसरा कराचा. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांवर नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर १८ टक्के. एखाद्या नगाचा भाव कराआधी २,५०० ठेवला तर गिऱ्हाइकाला तो २,६२५ ला पडतो. तोच भाव २,६०० ठेवला तर ३,०६८ ला. मालकाने शंभर रुपये वाढवले आणि गिऱ्हाइकाच्या खिशातून ४४३ जास्त गेले! असा नग विकला गेला नाही तर दोष सेल्समनच्या बोलण्याचा नाही, भाव लावणाऱ्याचा आहे. बी.कॉम. झालेल्या मुलाला हे गणित तासाभरात समजते. पण त्याला खरेदीचे बिल कधी दाखवले तर ना!

मिरजेच्या कारागिरांकडून शिकावे

कारागीर बंधू म्हणतील, हे दुकानदारांचे झाले, आमचा काय संबंध? उलट पायरीने माणूस तयार करण्याची रीत कारागिरांकडेच आहे, आपण दुकानदारच ती विसरलो. मिरजेच्या सतारमेकरांच्या घरांत पाहा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण ती कीर्ती त्याच्या कितीतरी आधीची आहे. तिथे नवा मुलगा आधी भोपळा साफ करायला, लाकूड घासायला बसतो. मग जोडकाम, नक्षी, पॉलिश, आणि सर्वांत शेवटी जवारी, म्हणजे घोडीची धार अशी काढायची की तार गाऊ लागते. उस्ताद जवारी पहिल्या वर्षी शिकवत नाही, पण कायमची लपवूनही ठेवत नाही. ती लपवली असती तर कला पहिल्याच पिढीत संपली असती.

दुकानाची जवारी म्हणजे खरेदी. आपण मुलाला गल्ल्यावर बसवतो, पण सुरत, इचलकरंजी, मालेगावच्या खरेदीला कधी बरोबर नेत नाही. घाऊक भाव त्याच्यापासून चोरून ठेवतो. पैशाच्या बाबतीत विश्वास आणि माहितीच्या बाबतीत अविश्वास, अशी आपली उलटी रीत आहे.

मालकांची भीती

मालकांचे म्हणणे मी रोज ऐकतो. पहिले म्हणणे, "शिकवला की पळतो, समोरच दुकान थाटतो." काही जण थाटतात, हे खरे आहे. पण न शिकवलेलाही जातोच. तो मॉलमध्ये जातो आणि तुमचे गिऱ्हाईक नावानिशी ओळखणारा माणूस तुमच्याकडे उरत नाही. शिकवलेला माणूस टिकवायचा तर त्याला नफ्यात वाटा द्यावा लागतो. दोरीने बांधून माणूस राहत नाही.

दुसरे म्हणणे, "मॅनेजरचा पगार परवडत नाही." समजा, त्याला महिन्याला ५,००० जास्त द्यायचे ठरले. वर्षाचे झाले ६०,०००. वरच्या हिशेबात मोकळे झालेले ३ लाख हा काही नफा नव्हे. पण त्यांच्या जोरावर ३६ लाखांपैकी निम्मी खरेदी रोखीने होऊन २ टक्के वटाव मिळाला, तर ३६,००० वाचले. पडून राहणाऱ्या मालात वर्षाला लाखाचा तोटा होत होता तो ७० हजारांवर आला, तर आणखी ३०,०००. मॅनेजर स्वतःचा पगार असा सोडवतो. सोडवत नसेल तर त्याला पुन्हा हिशेब शिकवा, नाहीतर माणूस बदला. पण आधी त्याला आकडे पाहू तरी द्या.

तिसरे म्हणणे कुणी उघड बोलत नाही, पण मनात असते. पुतण्या आहे, मेहुणा आहे, त्यांना डावलून परक्याला कसे बसवायचे? पुतण्या लायक असेल तर त्यालाच बसवा. पण तोही आधी काउंटरवर उभा राहू द्या, शिल्लक मोजू द्या. नात्याने गादी मिळते, हिशेब मिळत नाही.

नाव मोठे आणि काम तेच, असे नको

इथे मुलांनाही सावध केले पाहिजे. दुकाने व आस्थापनांसाठी १९४८ पासून असलेल्या जुन्या कायद्याच्या जागी महाराष्ट्रात २०१७ चा नवा कायदा आला. कामगाराच्या कामाच्या तासांना त्यात मर्यादा आहे आणि जादा कामाला दुप्पट दराने पैसे आहेत. पण व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या जागेवरच्या माणसाला हे संरक्षण मिळत नाही. त्यामुळे काही ठिकाणी मुलाला नुसता 'मॅनेजर' म्हणतात, छातीवर बिल्ला लावतात आणि रात्री अकरापर्यंत राबवतात. पगार हजार रुपयांनी वाढतो आणि जादा तासांचे पैसे बंद होतात. ही बढती नाही, ही कपात आहे.

म्हणून मुलाने बढती घेताना तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. रजा देणे, कामाच्या पाळ्या लावणे माझ्या हाती आहे का? खरेदीची बिले मला दिसणार का? माल अडकला तर भाव पाडण्याचा अधिकार किती टक्क्यांपर्यंत? तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल तर तो मॅनेजर नाही, आणि मग त्याने तासाचे पैसे सोडू नयेत.

मुलांनी काय करावे

पदवीची वाट पाहू नये. कॉलेजच्या पहिल्या वर्षापासूनच एक वही करावी. रोज किती गिऱ्हाइके आली, किती रिकाम्या हाताने गेली, त्यांनी काय मागितले जे आपल्याकडे नव्हते, हे लिहावे. तीन महिन्यांनी ती वही मालकापुढे ठेवावी. दुकानाच्या पुढच्या खरेदीची यादी त्या वहीतच असते, आणि ती पाहून शहाणा मालक दुसऱ्या दिवशी तुम्हाला शेजारी बसवील.

भाषेकडे लक्ष द्यावे. माझे शिक्षण उर्दू माध्यमात झाले, मराठी मी पेठेत शिकलो, आणि धंद्यात ती मला पदवीइतकी कामाला आली. आपल्या उर्दू शाळांतली मुले हिशेबात कमी नाहीत, पण खेड्यातून आलेल्या गिऱ्हाइकाशी मोकळेपणाने मराठीत बोलायला आणि कंपनीला इंग्रजीत दोन ओळींचे पत्र लिहायला ती बिचकतात. मॅनेजरला दोन्ही करावे लागते.

ज्यांचे कॉलेज मध्येच सुटले त्यांनी हिंमत सोडू नये. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून काम करणाऱ्यांसाठीच आहे, नोकरी सांभाळून तिथे पदवी घेता येते. मालकांनीही शिकाऊ उमेदवारीच्या सरकारी योजनेची चौकशी करावी. २०१६ साली सुरू झालेल्या या योजनेत उमेदवाराच्या विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार उचलते.

आणि हे सगळे मुलींनाही लागू आहे. लेडीज काउंटरवर आज आपल्या मुली उभ्या आहेत, आणि त्यांच्या हिशेबात चूक काढणे कठीण जाते. पण त्या मॅनेजर होतील असे कुणाच्या स्वप्नातही येत नाही. लग्न ठरले की काम सुटते, आणि जिथे सुटत नाही तिथेही त्या काउंटरवरच राहतात. साड्या आणि ड्रेस मटेरियलच्या धंद्यात गिऱ्हाईक बाईचे, निवड बाईची, आणि खरेदीला जाणारे मात्र सगळे पुरुष! यात नुकसान कुणाचे होते, ते व्यापाऱ्यांनीच पाहावे.

एवढे तरी करा

फार मोठी योजना मी मांडत नाही. येत्या हंगामानंतर शिल्लक मालाची मोजदाद कराल, ती या वेळी तुमच्याकडच्या शिकलेल्या मुलाच्या हाती द्या. सहा महिन्यांपासून न हललेल्या मालाची यादी त्यालाच करायला सांगा आणि त्याचे काय करावे हेही त्यालाच विचारा. पुढच्या तीन महिन्यांत रोजमेळ त्याच्याकडून लिहून घ्या. त्यानंतरच्या खरेदीला त्याला बरोबर न्या आणि एका लहान मालाची, नुसत्या ओढण्यांची किंवा शाळेच्या गणवेशाच्या कापडाची, खरेदी पूर्ण त्याच्यावर सोडा. चुकला तर दोन-चार हजारांत चुकेल. वर्षाच्या शेवटी पगार, अधिकार आणि नफ्यातला वाटा कागदावर लिहून द्या.

पेठेतल्या दहा दुकानांनी जरी हे केले, तरी पाच वर्षांत आपल्याकडे दहा तयार मॅनेजर असतील. त्यांतले दोन स्वतःचे दुकान काढतील, काढू द्या, बाजार वाढेल. उरलेले आठ आपली दुकाने चालवतील, आपली मुले पुण्यात किंवा आखातात असली तरीही. हे केले नाही तर गादी आपल्यानंतर रिकामी राहील, आणि शटरवर 'दुकान भाड्याने देणे आहे' अशी पाटी लागेल. पेठेत अशा पाट्या आताच दिसू लागल्या आहेत.